टँकर खाली करताना हायपोच्या टाकीत ॲसिड जाऊ नये, यासाठी काय करावं?

सरकी_रिफायनरी, धुळे

राम राम मंडळी. अवधान एमआयडीसीत सरकीच्या तेलाची रिफायनरी आहे, मेंटेनन्स माझ्याकडे. आजवर तीन केमिकल टँकरने येत होती: सोपस्टॉक (रिफायनिंगमध्ये निघणारा साबणासारखा गाळ) फोडून ॲसिड ऑइल काढायला ९८ टक्के सल्फ्युरिक, न्यूट्रलायझेशनला ४८ टक्के कॉस्टिक लाय (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) आणि डीएम प्लांटच्या (पाण्यातले क्षार काढणाऱ्या) रिजनरेशनला ३० टक्के एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड). कूलिंग टॉवर आणि ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्लांट) हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कॅनमधून यायचा, तो आता टँकरने घ्यायचं ठरलंय. त्यासाठी ५ किलोलिटरची एचडीपीई टाकी एचसीएलच्या टाकीला लागून, त्याच बंडमध्ये (गळती अडवायला टाकीभोवती बांधलेल्या भिंतीत) बसवली आहे. जागा तेवढीच होती.

चारही टाक्यांची भरायची तोंडं रस्त्याकडच्या भिंतीवर एका ओळीत आहेत. दोन तोंडांत दीड फूट अंतर, सगळीकडे दोन इंची कॅमलॉक (कान दाबून बसणारा होजचा जोड). होज टँकरवाला आणतो, जोडतोही तोच. गाड्या बऱ्याचदा रात्री लागतात. मालकांचं म्हणणं, पाइप रंगवा, मोठ्या पाट्या लावा, झालं. मला ते पुरेसं वाटत नाही. कमी खर्चात काय करता येईल आणि आधी काय करावं?

आणखी दोन दुखणी आहेत. थंडीत लायची लाइन चोक होते, मग पोरं हवेचा प्रेशर देऊन ती मोकळी करतात. आणि सध्याच्या हायपो डोसिंग लाइनवरचा पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह बंद असतानाच दोनदा तडकला. कारण कळलं नाही.

पांझराकाठ

भाऊ, पहिलं काम हे, की बाकीचं होईपर्यंत हायपोचा टँकर आत घेऊ नका. महिना-दोन महिने कॅनवरच चालू द्या.

कारण हिशेबात आहे. १० टक्क्यांच्या हायपोत लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम क्लोरीन बांधलेला असतो. ॲसिड पडलं की तो सुटतो. म्हणजे तुमच्या भरलेल्या ५ किलोलिटरच्या टाकीत ५०० किलो क्लोरीन आहे. पाणीपुरवठ्याच्या ठिकाणी १०० किलोचा सिलिंडर असतो, तसे पाच. सिलिंडरला जाड पोलाद आणि व्हॉल्व्ह तरी असतो. इथं वर उघडा व्हेंट (हवा जायचं तोंड) आहे. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, त्यामुळे तो वर उडून न जाता भिंतीच्या कडेनं सरपटत जातो. १० पीपीएमला माणसाच्या जिवाला धोका मानतात.

नेमकी हीच चूक अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन गावी २१ ऑक्टोबर २०१६ ला झाली. सल्फ्युरिकचा टँकर आला. ऑपरेटरनं ॲसिडच्या तोंडाचं कुलूप काढलं आणि तो आपल्या कामाला गेला. शेजारच्या हायपोच्या तोंडाचं कुलूप आधीच उघडं होतं. दोन तोंडांत अंतर दीड फूट, दिसायला दोन्ही सारखी. ड्रायव्हरनं हायपोला होज जोडला. गावातल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली किंवा दारं लावून आत बसावं लागलं, १४० हून जास्त जणांना उपचार घ्यावे लागले. तुमचंही अंतर दीड फूटच आहे, म्हणून हे सांगितलं.

पाट्या आणि रंग हवेतच, पण ते वाचणाऱ्यासाठी. रात्री दोनला आलेला, मराठी न वाचता येणारा, गाडी खाली करून निघायच्या घाईतला ड्रायव्हर पाटी वाचत नाही. म्हणून चुकीची जोडणी होऊच शकणार नाही अशी व्यवस्था लागते.

हायपोचं तोंड त्या भिंतीवरून काढा. इमारतीच्या दुसऱ्या अंगाला न्या, असं की एचसीएलच्या जागी उभ्या गाडीचा होज तिथवर पोचूच नये. साधा होज ६ मीटरचा असतो, तेव्हा पाइपच्या वाटेनं किमान १५ मीटर तरी ठेवा. पंचवीस-तीस मीटर यूपीव्हीसी पाइप आणि सपोर्ट एवढाच खर्च आहे.

मग जोड बदला. सल्फ्युरिकला कॅमलॉक न ठेवता फ्लँज, लायला ८० मिमी, एचसीएलला ५० मिमी, हायपोला ४० मिमी. धातूही बघा. बाजारात मिळणारा स्वस्त कॅमलॉक ॲल्युमिनियमचा असतो. लाय ॲल्युमिनियम खाते आणि हायड्रोजन सोडते, तिथं एसएसच (स्टेनलेस स्टील) हवा. एचसीएल आणि हायपोला पॉलीप्रॉपिलीनचा चालतो, एसएसला हे दोन्ही खड्डे पाडतात. जुबिली क्लिप लावून चढवलेला होज कुठंही नको. कॅमलॉकच्या दोन्ही कानांना पिन हवी.

इथं बरेच कारखाने थांबतात आणि फसतात. ड्रायव्हरच्या पेटीत रिड्युसर असतात. तुम्ही ४० केलं तर तो ५० चं ४० करून जोडेल. म्हणून होज कारखान्याचे हवेत, प्रत्येक केमिकलचा वेगळा, नंबर पाडलेला, वर्षातून एकदा कामाच्या दाबाच्या दीडपट हायड्रोटेस्ट केलेला. तरीही एक फट उरतेच: होजचं टँकरकडचं तोंड सगळीकडे सारखं असतं, त्यामुळे हायपोचा होज एचसीएलच्या टँकरला बसतोच. ती फट कुलपानं आणि सँपलनं बुजवायची.

चारही तोंडांवर टोपी आणि कुलूप, प्रत्येकाची चावी वेगळी, त्या केमिकलचा होजही त्याच कुलपाच्या पेटीत. चाव्या लॅबमध्येच ठेवा; गेटवर किंवा शिफ्ट इन्चार्जच्या खिशात नकोत. लॅबवाला सँपल तपासल्यावरच एक चावी देईल, आणि देण्याआधी बाकीची तीन कुलपं लागलेली आहेत हे जागेवर जाऊन बघेल. ॲचिसनला हेच बघायचं राहिलं. गाडी खाली होईपर्यंत आपला माणूस तिथून हलणार नाही. आणि रात्री गाडी घ्यायची नाही. हॉल्टिंगचे (गाडी थांबवल्याचे) पैसे द्या, सकाळी खाली करा.

सँपल कागदांपेक्षा महत्त्वाचं. एचसीएलचा यूएन नंबर (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय नंबर) १७८९, हायपोचा १७९१. पाटीवर दोनच आकड्यांचा फरक. दोन्ही पातळ, दोन्ही पिवळट. बरेच जण फक्त हायड्रोमीटर बुडवतात, पण ३० टक्के एचसीएल १.१५ आणि हायपो १.१५ ते १.२०, यावरून काही ठरत नाही. पीएच पट्टीनं पाच सेकंदांत ठरतं: एचसीएलमध्ये ती लाल होते, हायपोत निळी होते आणि बघता बघता रंग उडून पांढरी पडते. ९८ टक्के ॲसिडमध्ये पट्टी काळी जळते, घनता १.८४, यूएन १८३०. लायमध्ये गडद निळी होते पण रंग उडत नाही, घनता १.५०, यूएन १८२४. बिल्टी, टँकरची पाटी, ट्रेम कार्ड (मालाचे धोके सांगणारं कार्ड) आणि पट्टी, चारही जुळले तरच चावी. सँपल काढताना फेस शील्ड आणि कोपरापर्यंतचे ग्लोव्हज.

गेज_आणि_गळती

वरच्या उत्तरात बंड राहिला. एचसीएल आणि हायपो एकाच बंडमध्ये असणं म्हणजे टँकरची चूक न होताही तोच अपघात. एका टाकीचा नॉझल गळाला आणि दुसरीच्या व्हॉल्व्हला थेंब असला तरी क्लोरीन निघेल. मधे पूर्ण उंचीची भिंत बांधा. त्याहून बरं म्हणजे हायपोची रिकामी टाकी आत्ताच उचलून दुसरीकडे न्या. एकदा भरली की कोणी उचलणार नाही.

बंडचं माप ठरवायला सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के धरतात. ५ किलोलिटरला ५.५ घनमीटर. ३ बाय ३ मीटर जागा असेल तर ०.६ मीटर भिंतीत ५.४ बसतात, म्हणजे कमी पडतं. ०.७ घेतली तर ६.३ होतात, पण १०० मिमी पाऊस पडून साचला तर त्यातले ०.९ पाण्यानं खाल्ले. म्हणून ०.८ मीटर. टाकीखालच्या ओट्याचं आकारमान वजा करायला विसरू नका, त्यानं आणखी दोन-तीन इंच लागतील.

बंडचा ड्रेन व्हॉल्व्ह भिंतीच्या बाहेर, कुलूपबंद, आणि तो ईटीपीच्या सामाईक गटारात सोडायचा नाही. होज सोडताना सांडलेलं दोन्हीकडचं पाणी शेवटी एकाच चेंबरमध्ये भेटतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक तोंडाखाली वेगळा पीपीचा ट्रे, त्यात पडलेलं वेगळं उचलायचं. तसंच व्हेंटचं. एचसीएलच्या वाफेसाठी स्क्रबर किंवा सील पॉट असेल तर हायपोचा व्हेंट चुकूनही त्या हेडरला जोडू नका. पाइपातून एचसीएलची वाफ उलटी हायपोच्या टाकीत जाते.

आता ओव्हरफ्लो. ऑर्डर टनात, टाकी किलोलिटरमध्ये, गोंधळ तिथं होतो. १० टन सल्फ्युरिक म्हणजे साडेपाच किलोलिटरच्या आत, १० टन हायपो म्हणजे आठ किलोलिटरच्या वर. गाडी लावण्याआधी टाकीतली रिकामी जागा लिटरमध्ये मोजा आणि फळ्यावर लिहा. येणारा माल आणि आधीचा मिळून ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर गाडी लावायचीच नाही. ५ किलोलिटरच्या टाकीत एका दमात फार तर ४ येतील, तेव्हा पुरवठादाराला छोटी गाडीच मागा. नाहीतर ड्रायव्हर 'उरलेलं कुठं टाकू' विचारेल, आणि त्या प्रश्नातूनच चुका होतात.

लेव्हल ट्रान्समीटर दाबावर चालत असेल तर तो कोणत्या घनतेला लावला आहे ते बघा. लायच्या टाकीचा जुना ट्रान्समीटर तसाच हायपोला बसवला तर तो लेव्हल २० टक्के कमी दाखवतो, आणि टाकी ओसंडेपर्यंत पडद्यावर ८० च दिसतात. म्हणून ट्रान्समीटरशिवाय स्वतंत्र हाय लेव्हल स्विच हवा, त्यानं पंप थेट बंद झाला पाहिजे. पारदर्शक नळीचा गेज काढून टाका. ती नळी उन्हानं ठिसूळ होते, आणि तुटली की पूर्ण टाकी तिथून रिकामी होते. फ्लोट आणि पट्टी लावा.

एचडीपीई टाकी भरली की फुगते. तिच्या नॉझलला ताठ पाइप जोडला तर नॉझलच्या मुळाशी चीर जाते. मधे ईपीडीएमचा बेलो टाका. आणि ही टाकी केमिकलची आहे की छतावरची पाण्याची? पाण्याच्या टाकीची भिंत १.२ घनतेच्या हिशेबानं बनवलेली नसते.

सरकी_रिफायनरी, धुळे

टाकी केमिकलचीच आहे, १.३ घनतेची प्लेट आहे. उद्याच हलवायला सांगतो. तुम्ही म्हणता ते खरं, भरल्यावर कोणी हात लावणार नाही.

सल्फ्युरिकचा टँकर आम्ही हवेनं खाली करतो, बाकी पंपानं. ते चालेल का? आणि लाय आणि व्हॉल्व्हचं कोणी सांगाल का?

लाय_आणि_लोखंड

व्हॉल्व्ह का तडकतो ते आधी. हायपो सतत थोडा थोडा फुटत असतो आणि ऑक्सिजन सोडतो. ऊन, उष्णता, लोखंड-तांबं-निकेलचे कण यानं वेग वाढतो. बॉल व्हॉल्व्ह बंद केला की बॉलच्या पोकळीत थोडा हायपो अडकतो. त्याला वाट नाही. एप्रिल-मेच्या उन्हात आतला दाब वाढत जातो आणि शेवटी बॉडी फुटते. उपाय म्हणजे व्हेंटेड बॉल व्हॉल्व्ह: बॉलला टाकीच्या बाजूनं बारीक भोक असतं, दाब टाकीकडे निघून जातो. तो बसवताना बाणाची दिशा सांभाळा, उलटा बसला तर बंद व्हॉल्व्ह गळेल. हेच दोन बंद व्हॉल्व्हमधल्या पाइपाला लागू आहे. हायपोचा पाइप दोन्हीकडून बंद करून ठेवायचा नाही. डोसिंग पंपाला गॅस सुटायला डिगॅसिंग हेड घ्या. टाकीवर पत्र्याचं शेड, पाइप पांढरे रंगवलेले, आणि साठा पंधरा दिवसांपेक्षा जास्त नको. खान्देशच्या उन्हाळ्यात महिनाभर ठेवलेल्या हायपोची ताकद बरीच उतरते, मग पोरं डोस वाढवत बसतात.

आता लाय. ५० टक्के लाय सुमारे १२ अंशांला गोठू लागते, ४८ टक्केही फार मागे नाही. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. बाहेरचे एल्बो आणि व्हॉल्व्हमागचे मुके तुकडे, जिथं प्रवाह नसतो, ते आधी बसतात. हवेचा प्रेशर दिला की खड्यांची गुठळी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते आणि पुढच्या फ्लँजमधून किंवा होजच्या तोंडातून लायचा फवारा येतो. डोळ्यात गेलेली लाय ॲसिडपेक्षा वाईट, ती आत आत शिरत जाते. हे आजपासून बंद करा.

बसलेली लाइन मोकळी करताना दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, पंपाला टॅग लावा. कोमट पाण्यात भिजवलेलं गोणपाट पाइपवर बाहेरून गुंडाळा, मोकळ्या टोकाकडून सुरू करून आत जा, म्हणजे वितळलेल्याला वाट राहते. गॅसचा बर्नर नको, हातोडा नको. फ्लँज उघडावाच लागला तर आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी सैल करा, दाब निघून गेला हे बघून मगच जवळचा.

कायमचा उपाय: लाइनला इलेक्ट्रिक ट्रेसिंग (पाइपला लावलेली तापणारी वायर) आणि इन्सुलेशन, थर्मोस्टॅट २५ ते ३० अंशांवर. स्टीम ट्रेसिंग नको. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) वेल्डला गरम, तीव्र लाय चिरा पाडते. ४५ अंशांच्या पुढे नेऊच नका. स्वस्तातला पर्याय हा, की गाडी खाली झाली की लाइनचा उतार टाकीकडे ठेवून ती रिकामी करा, आणि प्लांटच्या डे टँकमध्ये लाय २० टक्के करून वापरा. २० टक्क्यांची लाय आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही. पातळ करताना पाण्यात लाय, हळूहळू. लायमध्ये पाणी कधीच नाही.

पांझराकाठ

हवेनं सल्फ्युरिक खाली करण्याबद्दल: चालतं, पण मला ते आवडत नाही. टँकर दाबाखाली असताना होज निसटला तर आतलं ॲसिड संपेपर्यंत बाहेर येत राहतं. गाडी रिकामी होत आली की शेवटचा हवेचा लोंढा लाइनमधून टाकीत घुसतो. टाकीचा व्हेंट लहान असेल किंवा सिलिका जेलचा ब्रीदर (आत येणारी हवा सुकवणारी डबी) ओलाव्यानं गच्च झाला असेल तर सपाट बुडाची टाकी वरच्या शिवणीला उकलते. पंप घ्या. तोवर हवाच वापरायची असेल तर रेग्युलेटरनंतर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, टँकरच्या प्लेटवरच्या दाबाच्या खाली लावलेला. आणि शेवटच्या मिनिटाला हवा बंद करायला माणूस व्हॉल्व्हवर उभा हवा. ब्रीदरचं जेल गुलाबी झालं की बदला. ते काढून टाकून व्हेंट उघडा ठेवू नका. पावसाळी हवेनं वरचं ॲसिड पातळ होतं, पातळ ॲसिड एमएस खातं आणि हायड्रोजन तयार होतो. म्हणूनच या टाकीवर, अगदी तिच्या शिडीवरही, गॅस टेस्टशिवाय वेल्डिंग करायचं नाही.

एक राहिलं. चूक झालीच तर ती थांबवायचं बटण कुठं आहे? ते टँकरजवळ असून उपयोग नाही, क्लोरीन तिथंच असेल. भरायच्या प्रत्येक लाइनवर हवेवर चालणारा, हवा गेली की बंद होणारा व्हॉल्व्ह, त्याची दोन बटणं: एक १५-२० मीटरवर मोकळ्यात, एक कंट्रोल रूममध्ये. २००२ मध्ये अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या फेस्टस इथं क्लोरीनचा होज फुटला तेव्हा असे व्हॉल्व्ह होते, पण गंजामुळे ते पूर्ण बंद झाले नाहीत आणि गळती तीन तास चालली. तेव्हा महिन्यातून एकदा बटण दाबून, व्हॉल्व्ह बंद झालेला डोळ्यांनी बघा. क्लोरीन डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर, अलार्म १ पीपीएमला.

वास आला तर बटण दाबायचं आणि वाऱ्याला आडवं चालत बाहेर. पाणी मारत थांबायचं नाही, व्हॉल्व्ह बघायला परत जायचं नाही. परत जाईल तो एससीबीए (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा मास्क) घातलेला, आणि दोघं. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी टँकरच्या जागेवरून दिसली पाहिजे. शेजारच्या युनिटचे फोन नंबर गेटवर लिहून ठेवा.

मे_महिना

सेफ्टी शॉवरबद्दल कोणी बोललं नाही. तोंडांपासून दहा सेकंदांत पोचता येईल इतका जवळ, मिनिटाला ७५ लिटर, सलग १५ मिनिटं. म्हणजे सव्वाअकराशे लिटर, ५०० लिटरची टाकी पुरणार नाही. आणि पाणी १६ ते ३८ अंशांत हवं. इथं मे महिन्यात उघड्या जीआय पाइपातलं दुपारचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. ॲसिड पडलेला माणूस त्याखाली दोन मिनिटंही उभा राहत नाही. टाकी सावलीत, पाइप जमिनीखालून किंवा इन्सुलेट केलेला, आणि कोणतीही गाडी लावायच्या आधी शॉवर चालवून पाणी थंड येईपर्यंत सोडायचं. ते झाल्याची खूण चावीच्या रजिस्टरमध्येच घ्या, म्हणजे चुकणार नाही.

सरकी_रिफायनरी, धुळे

क्रम असा ठरवला आहे. या आठवड्यात हायपोची टाकी ईटीपीच्या मागे, स्वतंत्र बंडसह, ३ बाय ३ बाय ०.८. चार कुलपं, लॅबमध्ये चाव्या, पीएच पट्ट्या, रात्रीची गाडी बंद, लायला हवा बंद. याला जवळपास खर्चच नाही. पुढच्या महिन्यात होज, जोड, व्हेंटेड व्हॉल्व्ह, शॉवरचा पाइप. ॲसिडचा पंप आणि रिमोट व्हॉल्व्ह दिवाळीच्या शटडाउनमध्ये. तोवर हायपो कॅननंच.

गेज_आणि_गळती

क्रम बरोबर आहे. एकच बदल करा: हाय लेव्हल स्विच दिवाळीपर्यंत ठेवू नका, हायपोची पहिली गाडी लागण्याआधी बसवा आणि फ्लोट हातानं उचलून पंप बंद होतो का ते बघा. आणि ईटीपीच्या मागे टाकी नेताय, तर तिथं पीएच ॲडजस्टमेंटला ॲसिडचा डोसिंग ड्रम ठेवलेला असतो. तो कुठं आहे ते आधी बघून घ्या.